पंधराचा पाना

पहिल्या वर्षी सून हरली ती पंक्चरमुळे, आणि दुसऱ्या वर्षी हरली ती पंक्चरच्या धास्तीमुळे.

स्पर्धा म्हणावी तर ती स्पर्धा नव्हतीच. पहिला कोण आला, शेवटचा कोण, याच्याशी तिथे कोणाला देणंघेणं नव्हतं. सकाळी सहाला सायकलवर टांग मारायची, दोनशे किलोमीटर तोडायचे आणि संध्याकाळी साडेसातच्या आत, जिथून निघालो तिथेच परत यायचं. वाटेत चार ठिकाणी टेबल टाकून माणसं बसलेली असत, त्यांच्याकडून कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. नियम एकच, पण मोठा खडूस. वाटेत सायकलला काही झालं तर स्वतः वाहून आणलेल्या सामानाने, स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची. दुसऱ्या कोणाचा हात लागला की कार्ड बाद.

पहिल्या वर्षी एकशेवीस किलोमीटरवर मागचं चाक बसलं. तेव्हा तिच्याजवळ होतं काय, तर पाण्याच्या दोन बाटल्या, चार केळी आणि फोन. नवरा गाडी घेऊन आला. सायकल डिकीत अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि बाईसाहेब पुढच्या सीटवर तोंड फुगवून. त्यातून तिने धडा घेतला, पण जरा जास्तच घेतला. पुढच्या वर्षी घरात जेवढं म्हणून लोखंड होतं तेवढं तिने पिशवीत भरलं. तीन पाने, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, मोठा पंप, आणि एक हातोडी. हातोडीने सायकलचं नेमकं काय करतात हे तिला आजही सांगता येणार नाही. सगळं मिळून साडेचार किलो. त्या दिवशी एकही पंक्चर झालं नाही. दिवसभर तिने ते लोखंड चढावर चढवलं, उतारावर उतरवलं आणि सात वाजून बावन्न मिनिटांनी पोचली. टेबलं उचलायला सुरुवात झाली होती.

"सायकल चालवायला गेली होतीस की गॅरेज उघडायला?" नवरा म्हणाला. मनाने चांगला माणूस, पण कुठली गोष्ट कधी बोलू नये हे त्याला लग्नाला सतरा वर्षं होऊनही उमगलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी नाही जमलं तर सायकल विकून टाकीन," ती म्हणाली. "या घरात पुन्हा सायकलचं नाव काढणार नाही."

हे ऐकून नवऱ्याच्या घशात घास अडकला. कारण ही बाई बोलली की बोलली. अकरा वर्षांपूर्वी एकदा चहावरून वाद झाला तेव्हा ती म्हणाली होती, "आजपासून मी बिनसाखरेचा पिते." ती आजतागायत बिनसाखरेचा पीत होती, आणि आवडत नसूनही पीत होती.

तशी तिला सायकल विकायची नव्हती. जीव होता तिचा त्या सायकलीत. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी दहा ते रात्री आठ, मागच्या खोलीत एका स्टुलावर बसून लोकांच्या फ्रेममध्ये काचा बसवायच्या आणि तिळाएवढे स्क्रू चिमटीत धरून फिरवायचे. दुकानात गिऱ्हाईक हाक मारायचं, घरी आल्यावर घर हाक मारायचं. पहाटे साडेपाच ते साडेसात हे दोनच तास असे होते की तिला कोणी हाक मारत नव्हतं. त्या दोन तासांत ती कोणाची बायको नव्हती, सून नव्हती, कामवाली बाई रजेवर गेली तर भांडी कोण घासणार या प्रश्नाचं उत्तरही नव्हती. तोंडातून एक वाक्य निसटलं आणि हे दोन तास तिने स्वतःच पणाला लावून ठेवले होते.

म्हणून तिसऱ्या वर्षी, त्या दिवसाला तीन आठवडे असताना, एका रविवारी ती बैठकीच्या खोलीत जमिनीवर फतकल मारून बसली. समोर सगळं लोखंड पसरलेलं, आणि मधोमध स्वयंपाकघरातला वजनकाटा.

सासरे दारात येऊन उभे राहिले. "हे काय, बाजार मांडलायस?"

सासऱ्यांनी आपण होऊन तोंड उघडलं हीच मोठी गोष्ट होती. अडतीस वर्षं ते एका कारखान्यात फिटर होते. घराएवढ्या मोठ्या यंत्रांचे नटबोल्ट आवळण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि शेवटची नऊ वर्षं इन्स्पेक्शनला. दुसऱ्याने केलेलं काम तपासायचं, बरोबर असेल तर खडूने खूण करायची आणि म्हणायचं "पास". त्यांच्या तोंडून पास ऐकायला लोकांच्या नाकी नऊ यायचे, असं म्हणतात. नोकरी संपली तरी खडू काही खिशातून गेला नव्हता. दर धुण्याला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडूचा चिखल व्हायचा आणि सून दर धुण्याला तो मुकाट काढायची. पण सासूबाई गेल्या आणि त्यांचे हातही थरथरायला लागले, तेव्हापासून ते टीव्हीपुढे बसत आणि टीव्ही बघत नसत. गॅलरीतली त्यांची हत्यारांची पेटी सहा वर्षं उघडलेली नव्हती.

"बाबा, मला कमी वजनाचं आणि परवडणारं सामान निवडायचंय," सून म्हणाली. तिने फोनवर एक फोटो दाखवला. बोटाएवढ्या जाडीचं, दुमडणारं, चकचकीत हत्यार. "हे एकच घेतलं की अठरा कामं होतात म्हणे. पण किंमत बघा."

सासऱ्यांनी फोन लांब धरून किंमत बघितली आणि आणखी लांब धरला. "अठरा कामं," ते म्हणाले. "तुझ्या सायकलला किती लागतात?"

"माहीत नाही."

"मग याला कशाला विचारतेस? सायकललाच विचार."

त्यांनी सायकल खोलीत आणायला लावली, उलटी उभी करायला लावली आणि तिला एकेका स्क्रूवर बोट ठेवायला सांगितलं. स्वतः खुर्चीवर बसून ते नुसते "पुढे" म्हणत होते. तासाभराने हिशोब निघाला. अख्ख्या सायकलला तीन मापांच्या अॅलन की, म्हणजे वाकड्या षटकोनी किल्ल्या, पुरत होत्या, चारची, पाचची आणि सहाची. सायकल स्वस्तातली, त्यामुळे दोन्ही चाकं नटांवर होती. महागड्या सायकलींचं चाक नुसती दांडी फिरवली की हातात येतं, हिच्या चाकाला पंधराचा पाना हवाच. सीटला मात्र तशी दांडी होती. ती उघडली की सीट खालच्या नळीसकट वर उपसून निघायची.

"अठरातली पंधरा कामं बाद," सासरे म्हणाले. "त्यात बाटली उघडायचं पण असेल, बघ."

तिने बघितलं. होतं.

पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. टायर सोडवायचे लोखंडी लिव्हर गेले, प्लास्टिकचे दोन आले. एकावर अडवायचं, दुसऱ्याने सरकवायचं, तिसऱ्याचं काम नाही. जाडजूड पंप गेला आणि दुकानातला सगळ्यात स्वस्त, वीतभर लांबीचा पंप आला. चिकटपट्टीचं अख्खं रीळ न्यायचं काय कारण? त्यातली हातभर पट्टी त्या पंपालाच गुंडाळून ठेवली. जुन्या ट्यूबचे कापून रबरबँड केले आणि तीन अॅलन की त्यात बांधल्या. टायर चिरलं तर आतून लावायला टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा. नवी ट्यूब नवऱ्याच्या एकट्या राहिलेल्या मोज्यात. सोल्यूशन, पॅच आणि बोटभर पॉलिश पेपर एका जुन्या चष्म्याच्या केसात, ती केस तिच्या दुकानातली. प्रत्येक वस्तू आधी काट्यावर, मग सासऱ्यांच्या हातात. ती उलटीसुलटी करून, नाकाजवळ नेऊन बघत आणि खडूने खूण करत. "पास." किंवा मान हलवत. मान हलली की वस्तू परत.

तिचीही परीक्षा चालू होतीच. चाक काढ, ट्यूब बदल, चाक बसव. पहिल्यांदा पंचावन्न मिनिटं लागली. "नापास." दुसऱ्या दिवशी चाळीस. "नापास." एकदा पंप मारताना तिने घाईघाईत हिसके दिले तेव्हा सासरे खुर्चीतून उठलेच. "अगं, हा पंप छोटा, त्याला नळी नाही. हिसका सगळा व्हॉल्व्हला बसतो. डाव्या हाताने व्हॉल्व्हला आधार दे, नाहीतर मुळातून फाटेल!" पंधरा दिवसांनी ती चौदा मिनिटांवर आली. तेव्हाही ते पास म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द काय मोलाचा होता हे तिला नवऱ्याने समजावून सांगितलं.

राहिला होता तो पंधराचा पाना. बाजारातला स्वस्त पाना सैल बसत होता, नटाचे कोपरे खाल्ले असते त्याने. चांगला होता तो जड होता. आणि हलका आणि चांगला असा होता तो बाहेरून मागवायचा, त्या किमतीत सायकलीची दोन्ही टायरं आली असती. सून दुकानातून हात हलवत परत आली तर गॅलरीतून खर्र खर्र आवाज येत होता. सहा वर्षांनी पेटी उघडली होती. सासऱ्यांनी एक जुना, लांब दांड्याचा पाना व्हाइसच्या जबड्यात धरला होता आणि हॅक्सॉने मधोमध कापत होते. चहाच्या कपाला थरथरणारा हात हॅक्सॉला मात्र थरथरत नव्हता. कापून झालं, त्यांनी कानशीने कडा घासल्या आणि पाना तिच्या तळहातावर ठेवला. जेमतेम हाताच्या पंजाएवढा.

"जोर पान्यात नसतो, सूनबाई, लांबीत असतो," ते म्हणाले. "लांबी गेली की जोर गेला. पण सायकलच्या नटाला असा किती जोर लागतो! चालेल."

रात्री जेवताना नवऱ्याने तो पाना काट्याच्या भांड्यात बघितला आणि उचलला. दांड्यावर ठोकलेलं एक अक्षर होतं, ते बरोबर अर्ध्यात कापलं गेलं होतं. त्याने पाना परत ठेवला. जरा वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "हा बाबांच्या उस्तादांचा पाना आहे. काम शिकून झालं तेव्हा त्यांनी दिला होता. लहानपणी मी याला हात लावला म्हणून मार खाल्लाय."

 सून उठून गॅलरीत गेली, तर सासरे खाली पडलेला लोखंडाचा कीस झाडत होते. "बाबा," ती म्हणाली. "काटा काय म्हणतो?" त्यांनी विचारलं. "सगळं मिळून सहाशे दहा ग्रॅम," ती म्हणाली. "साडेचार किलोवरून सहाशे दहा," ते म्हणाले आणि खुशीत पुन्हा झाडू लागले.

आदल्या संध्याकाळी ती केळी आणायला गेली होती. परत आली तेव्हा सायकल पुसून, चेनला तेल लावून, दाराशी उभी होती. सकाळी अंधारातच ती निघाली. सासरे जिन्यापर्यंत आले. "जा," एवढंच म्हणाले.

दिवस छान गेला, दुपारपर्यंत. पिशवी एवढीशी की ती आहे हे विसरायला व्हावं. पहिला शिक्का, दुसरा शिक्का, तिसरा शिक्का. नंतर समोरून वारा सुटला आणि वेग जरा पडला, तरी हातात पाऊण तास शिल्लक होता. तीन वाजून दहा मिनिटांनी, एकशे बेचाळीस किलोमीटर झाले असताना, मागचं चाक डुगडुगायला लागलं.

ती उतरली. घाबरली नाही. टायरमध्ये बारीक तार घुसली होती, ती तिने काढली. एवढ्याशा भोकाला चाक काढायचीही गरज नव्हती. टायर एका बाजूने सोडवलं, ट्यूब बाहेर ओढली, घासली, सोल्यूशन, पॅच, दाबून धरलं. वीस मिनिटांत काम फत्ते. तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की तिने पंप लावला आणि दणादण हवा मारायला सुरुवात केली. डावा हात होता कमरेवर.

फुस्स.

ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली होती. तिथे पॅच बसत नाही. तिने कपाळावर हात मारला, सासऱ्यांचा आवाज कानात आला, पण उशिरा. पण हरकत नव्हती, मोज्यात नवी ट्यूब होती. चाक काढायचं, ट्यूब बदलायची, चौदा मिनिटं. तिने पंधराचा पाना काढला, नटावर बसवला आणि दाबला.

नट हलला नाही.

तिने दोन्ही हातांनी दाबला. मग सगळा भार टाकला. पान्याची कड तळव्यात रुतली, हाताला वळ उठला, पण नट ढिम्म. तिने दुसऱ्या बाजूचा बघितला, तोही तसाच. घरी गेल्या काही दिवसांत हेच नट तिने याच पान्याने कितीदा तरी काढले होते. तेव्हा तिने खाली वाकून नीट बघितलं आणि तिला ती दिसली. नटावर खडूची पांढरी खूण. दुसऱ्या नटावरही एक.

सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ती केळी आणायला गेली, आणि सासऱ्यांनी पेटीतला दुसरा, सबंध, हातभर लांब पाना काढला. घराएवढी यंत्रं हादरून सैल होऊ नयेत म्हणून आवळतात तसे दोन्ही नट आवळले. आवळून झाल्यावर खूण केली. पास.

रिकाम्या खोक्यांनी भरलेला एक टेम्पो तिच्याजवळ येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसत. "ताई, माझ्याकडे चाकाचा मोठा पाना आहे. देऊ?"

"नको दादा. कोणाची मदत घेतली तर माझं कार्ड बाद होतं."

त्याने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "कोण बघतंय इथे?"

"मी बघतेय ना."

ड्रायव्हर हसला आणि कडेच्या दगडावर जाऊन बसला. असा तमाशा फुकटात बघायला मिळत असताना कोण जाईल!

पावणेचार वाजले. तिने फोन काढला. नवऱ्याचा नंबर सगळ्यात वर होता. एक बोट टेकवलं की तासाभरात गाडी आली असती, सायकल डिकीत, आणि उद्यापासून पहाटेचे दोन तास कोणाचेही. तिला सासऱ्यांचा संताप आला, खरं सांगायचं तर रडूच आलं. कोणी सांगितलं होतं आवळायला? एवढं सगळं शिकवलं आणि शेवटी आपल्याच हाताने दार बंद करून ठेवलं. तिने हातातल्या पान्याकडे बघितलं. ते अर्धं अक्षर. आयुष्यभर कोणाला हात लावू न दिलेला पाना त्यांनी तिच्यासाठी कापला होता. कशासाठी, तर तिचं ओझं शे-दीडशे ग्रॅमनी कमी व्हावं म्हणून. तिने फोन खाली ठेवला.

जोर पान्यात नसतो, लांबीत असतो.

लांबी हवी. तिने आजूबाजूला बघितलं. कुंपणाला एक लोखंडी नळी टेकवलेली होती, पण ती तिची नव्हती. स्वतः आणलेलंच चालतं. पंप? पातळ पत्र्याचा, एका दाबात वाकला असता. मग तिची नजर सीटवर गेली.

तिने दांडी उघडली आणि सीट नळीसकट उपसून काढली. आतून पोकळ, हातभर लांब, भक्कम नळी. सायकल तिने झाडाला टेकवली, पाना नटावर बसवला आणि त्याच्या आखूड दांड्यावर ती नळी चढवली. चपखल बसली. दुसऱ्या टोकाला सीट होतीच, धरायला मुठीसारखी. ज्या सीटने सकाळपासून तिला धड बसू दिलं नव्हतं, तिच्यावर तिने दोन्ही हात ठेवले आणि सगळ्या अंगाचा भार टाकला.

टक्क.

"सुटला!" टेम्पोवाला दगडावरून उडालाच.

दुसरा नटही सुटला. पुढचं काम तिच्या हातांना पाठ होतं. चाक काढलं, ट्यूब बदलली, टायर आतून बोट फिरवून तपासलं. हवा मारताना डावा हात व्हॉल्व्हपाशी होता, असा की जणू तिथे कोणाचा जीव आहे. नट तिने त्या आखूड पान्यानेच आवळले, घट्ट, पण पुन्हा तिलाच काढता येतील इतके. चार वाजून पाच मिनिटांनी तिने पुन्हा टांग मारली. टेम्पोवाल्याने मागून भोंगा वाजवला, लग्नाच्या वरातीत वाजवावा तसा.

अठ्ठावन्न किलोमीटर आणि तीन तास पंचवीस मिनिटं. रस्ता आता घराकडे वळला होता आणि वारा पाठीशी आला होता, त्याचेही तिने आभार मानले. त्या दिवशी ती ज्याचे त्याचे आभार मानत सुटली होती. न मागता पाना देऊ करणाऱ्या आणि नको म्हटल्यावर न रागावणाऱ्या टेम्पोवाल्याचे. गॅरेज म्हणून हिणवणाऱ्या नवऱ्याचे, कारण त्या एका शब्दामुळे तिने वजनकाटा बाहेर काढला होता. कधी न बघितलेल्या त्या उस्तादांचे, ज्यांनी एका पोराला पाना दिला आणि तो कुठे जाऊन पोचणार आहे हे त्यांना स्वप्नातही ठाऊक नव्हतं. आणि सासऱ्यांचे तर किलोमीटरगणिक. राग कुठल्या चढावर गळून पडला ते तिला कळलंही नाही.

सात वाजून एकवीस मिनिटांनी तिने कार्ड टेबलावर ठेवलं. शेवटचा शिक्का पडला. नवरा एवढ्या मोठ्याने ओरडला की टेबलावरच्या माणसाने कानावर हात ठेवले. सासरे मागे उभे होते, हात पाठीशी बांधून.

"पाना चालला?" त्यांनी विचारलं.

"चालला, बाबा."

त्यांचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना दिसला. तिने तेव्हाच मनाशी ठरवलं, की नटांचं काही बोलायचं नाही. सहा वर्षांनी उघडलेली पेटी पुन्हा बंद झालेली तिला चालणार नव्हती.

पण नऊ वर्षं इन्स्पेक्शनला काढलेल्या माणसापासून काय लपणार! दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून गॅलरीत आली तर सायकल पुसायला घेतलेली होती, सीट बाहेर काढलेली होती आणि सासरे नळीच्या तोंडाशी डोळा लावून आत बघत होते.

"ही नळी पान्यावर चढवली होतीस?" त्यांनी वळून न बघता विचारलं. "आतून ओरखडे आलेत."

तिने पुढे होऊन पुसायचं फडकं उचललं.

"नट निघत नव्हते." त्यांनी नळी खाली ठेवली. "मी आवळले होते. मोठ्या पान्याने."

"हो, बाबा."

"किती वेळ गेला?"

"बराच."

सासरे खुर्चीवर बसले. हात थरथरत होते, ते त्यांनी मांडीखाली घेतले. "अडतीस वर्षांची सवय," ते म्हणाले. "जरा म्हणून सैल ठेवायचं नाही. तुझ्या वाटेत मीच दगड ठेवला. माझा हा हात आता हत्यारांना लावायच्या लायकीचा नाही राहिला."

"असं नका बोलू," सून म्हणाली. ती खाली बसली, त्यांच्या पायाशी. "तुम्ही सांगितलंत तरी मी व्हॉल्व्हला आधार दिला नाही, ती ट्यूब फाटली माझ्या हाताने. नट तुम्ही आवळलेत, आणि ते सोडवायचे कसे तेही तुम्हीच शिकवून ठेवलं होतंत. लांबीचं तुम्ही बोलला नसता तर मी फोन केला असता, बाबा. बोट ठेवलं होतं मी नंबरवर." तिने तो आखूड पाना त्यांच्यासमोर ठेवला. "माझ्यासाठी आजवर कोणी पाना कापला नव्हता."

 खाली दूधवाला कोणाशी तरी भांडत होता. मग सासऱ्यांनी मांडीखालून हात काढला, सदऱ्याच्या खिशात घातला, खडू काढला आणि तिच्या हातात ठेवला.

"आजपासून इन्स्पेक्शन तुझं."

त्यांनी कापलेला पाना घेतला, सायकलपाशी बसले आणि मागचा नट सोडवून पुन्हा आवळला. आवळून झाल्यावर ते उठून एक पाऊल मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून. कारखान्यात त्यांच्यासमोर लोक असेच उभे राहत असणार.

सुनेने पाना लावला, दाबला आणि मान हलवली. "नापास. किती जोर लावता? चष्म्याचा स्क्रू कसा, दोन बोटांनी आवळायचा, अडला की थांबायचं. इथे दोन बोटं नाही, एक हात. पण अडला की थांबायचं."

"अडला की थांबायचं," सासरे म्हणाले आणि पुन्हा बसले. या वेळी त्यांनी हळू हळू पाना फिरवला. एका ठिकाणी हात थांबला. आणखी पाव फेरा मारायला बोटं शिवशिवत होती, ते दिसत होतं. त्यांनी पाना काढून घेतला.

तिने तपासलं. मुद्दाम वेळ लावला. मग खडूने नटावर ठळक खूण केली.

"पास."

सासऱ्यांनी मान वळवून गॅलरीबाहेर बघितलं. मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, डोळेही पुसले. "हा चष्मा सारखा घसरतोय गं," ते म्हणाले. "स्क्रू ढिला झाला असेल."

"द्या बघू," सून म्हणाली. तिने दोन बोटांत स्क्रू धरून बघितला. तो चांगला घट्ट होता, तिनेच बसवलेला.

"हो, झालाय खरा," ती म्हणाली, आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला आत गेली.